चोवीस पूर्ण

तुर्भे, ९ फेब्रुवारी १९९६

आप्पा,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, या वेळी नुसता उभ्यानं केलेला समजा. राग आलेला असताना मला वाकता येत नाही, आणि हे वळण कुणाकडून आलंय ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

माझं मागचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टाचा शेरा आहे, ‘घेण्यास नकार’. रूमवर माझ्याबरोबर राहणाऱ्या दोघींच्या देखत पोस्टमननं ते माझ्या हातात ठेवलं. मुलीचं पत्र बापानं घेतलं नाही, हे त्या दोघींनी वाचलं आणि काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. परवा रविवारी सितारामकाका कोरेगाव गाडी घेऊन हायवेवर थांबतील, तेव्हा त्यांच्या हातात देईन. बारा वर्षं ते गाडी चालवायचे आणि तुम्ही तिकिटं फाडायचात. पोस्टमनला दारातून परत पाठवता येतं. डेपोच्या माणसानं आणलेलं पाकीट कंडक्टर परत करत नाही, मग तो रिटायर झालेला का असेना.

मी काय गुन्हा केलाय ते मला आपल्या धाकट्या प्रियदर्शिनीच्या चिठ्ठीतून कळलं. मी म्हणे लग्न केलंय. परस्पर. पोपटनं जत्रेत सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. इथल्या कांदा-बटाटा बाजारात पोती उचलणारा आपल्या शेजारच्या वस्तीवरचा पोपट. पायावर पोतं पडून दोन बोटं मोडली म्हणून नऊ दिवस आमच्या हॉस्पिटलात होता. त्या नऊही दिवसांत त्याच्या पायाचं ड्रेसिंग मी केलं. त्यानं माझ्या गळ्यात काळे मणी पाहिले आणि गावाला जाऊन माझं लग्न लावून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काळे मणी खरे आहेत. लग्न खोटं आहे. आता नीट ऐका.

मी चोवीस वर्षांची आहे. मिरजेला तीन वर्षं शिकले, परीक्षा पास झाले, माझं रजिस्ट्रेशन आहे. पण देवानं मला तोंड दिलंय नववीतल्या मुलीचं आणि उंची त्याहून कमी. दोन वर्षं झाली, एक दिवस असा जात नाही की कुणी विचारत नाही. शाळा सुटली का गं? आईच्या जागी ड्युटीला आलीस का? शिकाऊ पोरगी नको, हात दुखेल. हे सगळे हसून म्हणतात, वर म्हणतात, अगं कौतुक करतोय. मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे तर मी इतक्यांदा ऐकलंय की ते म्हणणाऱ्याला मोठीच सुई टोचावीशी वाटते. महाप्याच्या कंपनीतला एक ऑफिसर म्हणाला, तुझ्यासारखी बाहुली सलाईन लावणार असेल तर आम्ही दर महिन्याला आजारी पडू. त्याची बायको शेजारी बसून सफरचंद कापत होती. तीही हसली.

हे सगळं मी गिळलं. गिळता आलं नाही ते दिवाळीनंतरचं. बाजारातला एक व्यापारी दाखल होता. सलाईन चालू असताना त्याला थंडी भरली, अंग थडथड उडायला लागलं. अशा वेळी पहिलं काम एकच असतं, नळी बंद करायची. मी हात पुढे केला तर त्याच्या भावानं माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘बेबी, तू हात नको लावूस. मोठ्या सिस्टरला बोलव.’ मी सांगतेय, अहो बंद करू द्या, आणि तो माझं मनगट सोडत नाही. शेवटी मी हिसका देऊन पळाले. आमच्या मेट्रन राजलक्ष्मीबाई बाळंतिणीजवळ होत्या. त्या हात धुऊन येईपर्यंत पेशंटचे ओठ काळेनिळे पडले होते. त्यांनी येऊन काय केलं? नळी बंद केली. माणूस वाचला. भाऊ त्यांना हात जोडून म्हणाला, तुम्ही होतात म्हणून.

संध्याकाळी राजलक्ष्मीबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, ‘विजयमाला, तुझा हात चांगला आहे. तोंडाचं काही करता येत नाही. उद्यापासून गळ्यात मंगळसूत्र घालून ये.’

तुर्भे नाक्यावरच्या बांगडीवाल्याकडून घेतलं. काळे मणी, दोन खोट्या वाट्या. दुसऱ्या दिवशी चार नंबरची कॉट मला ‘अहो सिस्टर’ म्हणाली. तेच तोंड, तोच हात, तीच सुई. फक्त कुणा एका नसलेल्या माणसाची मी बायको झाले आणि लोकांना वाटलं हिला अक्कल आली.

एवढंच आहे. हाफ की फुल फाडायचं म्हणून तुम्ही तीस वर्षं पोरांची वयं ओळखलीत. आईबाप कितीही सांगू देत, तुम्ही पोरालाच विचारायचात, कितवीला रे तू? म्हणायचात, मोठी माणसं बनवतात, पोर खोटं बोलत नाही. आणि स्वतःच्या पोरीला विचारायची वेळ आली तेव्हा पोपटचं ऐकलंत. साप साप म्हणून भुई धोपटली. मला एकदा विचारायचं होतं, आप्पा. गावच्या दुकानात फोन आहे, मी दोनदा केला, तुम्ही आला नाहीत.

तुमची थोरली,
विजू


तुर्भे, २५ फेब्रुवारी

आप्पा,

सितारामकाका म्हणाले, पाकीट घेतलंत, उघडलं नाहीत, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलंत. बरं. खिशात का होईना.

प्रियदर्शिनीचं ठरलं ते तिच्याच चिठ्ठीतून कळलं. मे महिन्यात लग्न, आपल्या दारात मांडव. आनंद झाला. थोरली राहिली आणि धाकटीचं ठरलं याचं मला काडीचं वाईट वाटत नाही, मीच दोन स्थळांना नाही म्हटलं होतं. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. पाहुण्यांच्या कानावर माझं प्रकरण गेलंय, म्हणून तुम्ही सांगितलंत, थोरलीनं लग्नाला यायचं नाही. तिला मी अंगाखांद्यावर वाढवलं. तिची पहिली वेणी मी घातली, तिला सायकल मी शिकवली. तिच्या लग्नात करवली म्हणून कोण उभं राहणार, शेजारीण?

तिनं असंही लिहिलंय की तुम्ही घरात एकच प्रश्न विचारत बसता. मग राजवर्धन कोण?

राजवर्धन नावाच्या कुठल्याही माणसाला मी ओळखत नाही. भेटलेले नाही, बोललेले नाही. आईच्या फोटोची शपथ. कोण काय ऐकतं आणि कुठं जोडतं. हॉस्पिटलात दिवसाला शंभर नावं कानावर पडतात.

पोपटचंच बघा ना. पहिल्या दिवशी म्हणाला, ‘आप्पा कंडक्टरची विजू नव्हं तू?’ मी हो म्हटलं. त्यानं गळ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. पुढं विचारलं नाही. एवढा गावचा माणूस, एक शब्द विचारता येऊ नये?

शेजारच्या कॉटवर तोच ऑफिसर होता हो, बाहुलीवाला. दुसऱ्यांदा दाखल झालेला. त्याच्यासमोर मी पोपटला सांगत बसू का, की हे खोटं आहे म्हणून? मंगळसूत्र बघितल्यापासून तो माझ्याशी मान खाली घालून बोलत होता. मला ते आवडत होतं. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

मला लग्नाला यायचंय. तेवढं उत्तर द्या.

विजू


तुर्भे, १० मार्च

आप्पा,

तुमचं उत्तर नाही. दोन आठवडे मी तुमच्यावर, पोपटवर, पाहुण्यांवर जळफळत होते आणि काल रात्रपाळीला नव्या मुलीचं रजिस्टर तपासताना माझ्याच लक्षात आलं की मी तिला ओरडतेय ते तिच्या चुकीसाठी नाही. चोराच्या मनात चांदणं. म्हणून लिहिते.

राजवर्धन कुठून आला ते सांगते.

पोपट होता त्याच आठवड्यात बायकांच्या बाजूला जाईबाई दाखल झाल्या. उरणकडच्या मिठागराच्या गावातल्या, साठीच्या. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेल्या, डोळे आत गेलेले. ताबडतोब सलाईन हवं होतं आणि बाई हात देईना. मला बघून म्हणाल्या, ‘ही पोर मना सुई मारनार? हिचा दूध पन सुटला नसंल.’ मी गळ्यातलं दाखवलं. म्हणाल्या, ‘नाव घे तं. लगीन झालेली बाय हाय ना तू? नाव घेतल्याबिगर मी हात देनार नाय.’ अंगात शक्ती नाही, पण हट्ट बघा. बाकीच्या बायका उठून बसल्या. हॉस्पिटल आहे का हळदीकुंकू, कळेना. मुलगा दारात रडकुंडीला आलेला. राजलक्ष्मीबाई त्या दिवशी रजेवर.

आणि मी उखाणा घेतला.

‘खाडीच्या काठाला मिठाची रास, राजवर्धनरावांचं नाव घेते, सुई टोचते सावकास.’

नाव कुठून आलं विचाराल तर माहीत नाही. नाव घ्यायचंच आहे तर साताऱ्याकडचं भारदस्त घ्यावं, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं असेल. बायकांनी टाळ्या वाजवल्या, जाईबाईंनी हात पुढे केला, पहिल्या झटक्यात शीर सापडली. त्या वाचल्या. मधे नुसती प्लायवूडची भिंत आहे. पलीकडं पोपटनं ऐकलं.

म्हणजे पोपट खोटं बोलला नाही. त्यानं माझ्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकलं. आपल्याकडं कुठली बाई उगाच कुणाचं नाव घेते? तुम्हीही ऐकलं असतं तर तेच समजला असतात. आणि मागच्या पत्रात मी आईच्या फोटोची शपथ घेतली. शपथ खरी आहे, पण ती ज्यासाठी घेतली ते खरं नाही. तुम्ही म्हणायचात पोर खोटं बोलत नाही. पोर खोटं बोललं, आप्पा.

पण तरीही माझा राग गेलेला नाही, आणि तो मी लपवणार नाही. माझं तीन वर्षांचं शिक्षण होतं, तरी त्या बाईनं हात दिला नाही. मी परीक्षेतले मार्क सांगितले असते तरी दिला नसता. एका माणसाचं नाव घेतलं, जो जन्मलाच नाही, आणि हात पुढे आला. जन्मभर शिकून मी त्या राजवर्धनच्या पासंगाला पुरत नाही. खोटं मी बोलले, ते माझं. पण माझ्याकडून ते बोलवून घेणाऱ्यांचं काहीच नाही का?

मंगळसूत्र आज काढून ट्रंकेत टाकलं. उद्यापासून मोकळ्या गळ्यानं ड्युटी.

विजू


तुर्भे, २४ मार्च

आप्पा,

मोकळ्या गळ्याचे दोन आठवडे झाले. हिशोब तसा चोख आहे, सगळं जिथल्या तिथं परत आलं. बेबी परत आली, बाहुली परत आली, मूर्ती लहान परत आली. एकानं विचारलं, नवऱ्यानं सोडलं काय?

राजलक्ष्मीबाईंशी भांडण झालं. म्हणाल्या, ‘तुझा हट्ट एखाद्या दिवशी पेशंटच्या जिवावर येईल.’ हे त्या खरं बोलतायत, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, माझं मनगट धरणाऱ्याला काही न बोलता माझ्याच गळ्यात माळ घालायला सांगितलीत, बाई.  त्या म्हणाल्या, मीसुद्धा एकोणिसाव्या वर्षापासून कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत आले ते काही देवभक्तीनं नाही. त्यानंतर आम्ही दोघींनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशीपासून नवा पेशंट आला की त्या स्वतः येऊन सांगतात, ह्या सिस्टर तुम्हाला बघतील. आधी हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मीही एक वाक्य ठरवलंय. कुणी पोरी म्हणालं, बेबी म्हणालं, की हसायचं नाही आणि चिडायचंही नाही. ‘चोवीस पूर्ण. हात पुढं करा.’ एवढंच. निम्मे लोक तरी हात पुढे करतात. उरलेल्या निम्म्यांशी भांडायला मला वेळ आहे.

आता हसू नका. गुरुवारी जाईबाई तपासून घ्यायला आल्या. माझा मोकळा गळा बघितला आणि दारातच मटकन खाली बसल्या. ‘अगं पोरी, कवा झाला ह्या? मना कोनी सांगला पन नाय.’ आणि हुंदके. माझ्या कपाळावरून हात फिरवून राजवर्धनसाठी रडायला लागल्या. चांगला होता, म्हणाल्या, भर जवानीत गेला. ओपीडीत तीस माणसं, सगळी माझ्याकडं कीव करून बघतायत. एकानं खुर्ची दिली.

मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी डोळे पुसले. ‘मंग ता नाव कोनाचा घेतलास?’ कुणाचंच नाही, म्हटलं.  मग म्हणाल्या, ‘बरा झाला, म्येला तरी नाय कोन. सुई तं तूच मारलीस नं?’ मी मारली, म्हटलं. ‘मंग झाला,’ म्हणाल्या, आणि तपासायला आत गेल्या.

त्या बाईचा मी मागच्या पत्रात उगाच राग केला. तिला पटायला दोन मिनिटं लागली. तुम्हाला दोन महिने होत आले.

मी लग्नाला येणार आहे. आत घेतलं नाहीत तर मांडवाच्या बाहेर उभी राहीन. पण आता दुसऱ्याच्या चिठ्ठीतून निरोप नको. जे सांगायचं ते मला सांगा, जे विचारायचं ते मला विचारा.

विजू


तुर्भे, ४ एप्रिल

आप्पा,

नमस्कार. अर्धा वाकून केलाय. अर्धा राहिलाय, त्याचं खाली लिहिते.

तुम्ही मंगळवारी आलात ते मला कुणी सांगितलं नाही. अकराच्या सुमारास औषधांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर बाकावर तुम्ही. पांढरी टोपी, मांडीवर डेपोची ती जुनी पिशवी. मी पाहिलं, तुम्ही पाहिलंत. तुम्ही ओळख दाखवली नाहीत म्हणून मीही दाखवली नाही. दीड तास असाच काढला आपण. तुम्ही माझ्या गळ्याकडं बघितलंत, मग घड्याळाकडं, मग नुसतं माझ्या हातांकडं.  

मग तो मुलाला घेऊन आलेला माणूस. पोराला इंजेक्शन द्यायचं होतं. मी सिरिंज भरली तर तो म्हणाला, ‘ए बेबी, तू थांब, मोठ्या सिस्टरला पाठव.’ मी तोंड उघडलं. माझं वाक्य माझ्या तोंडाशी होतं.

बाकावरून आवाज आला. भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

‘फुल तिकीट हाय ते. चोवीस पूर्ण. मोठी शिस्टर तीच. हात पुढं करा.’

माणूस इतका दचकला की पोराऐवजी त्यानंच बाही वर केली.

मला एकदम तो प्रसंग आठवला. मी तेरा वर्षांची, आई आणि मी साताऱ्याला निघालेलो, गाडीवर तुम्ही. आईनं माझं हाफ मागितलं. मी एवढीशी, कुणालाही खरं वाटलं असतं. तुम्ही सगळ्या गाडीदेखत म्हणालात, तेरा पूर्ण झालीत तिला, फुल फाडणार. आई साताऱ्यापर्यंत तुमच्याशी बोलली नाही. मला मात्र वाटलं, माझ्या वयाएवढं मला मोजणारा एक माणूस आहे. हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि आप्पा, ‘हात पुढं करा’ हे मंगळवारी तोवर मी एकदाही म्हटलं नव्हतं, तुम्हाला ते फक्त पत्रात लिहिलं होतं. म्हणजे पाकिटं नुसती खिशात ठेवली नव्हतीत.

तुम्ही शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिलात, आणि घडी घातलेला कागद. ‘छापखान्यात थांबवलंय,’ म्हणालात. ‘तुला इचारल्याबिगर छापणार न्हाई.’ आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालात. पाणीसुद्धा प्यायला नाहीत.

कागद रूमवर येऊन उघडला. प्रियदर्शिनीच्या लग्नपत्रिकेची कच्ची छपाई. खाली निमंत्रकांत तुमचं नाव, काकांचं नाव, आणि त्याखाली मोकळी जागा सोडून, विजयमाला. मोकळ्या जागेवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. तुमच्या हातचं, तिकिटाच्या वहीवर काढायचात तसं, वरती जोर दिलेलं. कु. लावायचं का सौ., तेवढंच तुम्हाला विचारायचं होतं. पण विचारलंत. दोन महिने उशिरा, पेन्सिलीनं, एका खुणेत, पण मला विचारलंत. मी ट्रंकेवर बसून रडले. आणि मग राग आला, आधी का नाही विचारलंत म्हणून. तो अर्धा नमस्कार राहिलाय तो हा. तो लग्नात करीन.

आता उत्तर. कागद या पत्रासोबत सितारामकाकांकडं परत पाठवतेय, प्रश्नचिन्ह खोडलंय.

पुढे काही लावू नका. कु. नको, सौ. नको. पाहुणे विचारतील, विचारू देत, मी मांडवातच असेन, त्यांना म्हणावं तिलाच विचारा. नुसतं विजयमाला, आणि खालच्या ओळीत, स्टाफ नर्स, तुर्भे. तेवढं मी स्वतः मिळवलंय.

टाईप मात्र मोठा घ्यायला सांगा. बारीक छापलंत तर लोक पुन्हा म्हणतील, केवढीशी आहे.

विजू